बारीक तीन तारा

बॅगेचा पट्टा तुटला तो भर चौकात, रस्ता ओलांडताना. गिटार जमिनीवर आपटायच्या आत मी बॅगेला अशी मिठी मारली, की शेजारून जाणाऱ्या काकू थबकून म्हणाल्या, "अगं, बाळ आहे का काय आत?"

समोरच 'कपडे दुरुस्ती' अशी पाटी दिसली. आत शिरले, तर एक तिशीतला शिंपी सुईत दोरा ओवत होता — सुई हातभर लांब धरून, डोळे बारीक करून. एकदा चुकला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मला राहवेना.

"द्या इकडे." मी सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली.

"शिंप्याच्या हातातली सुई काढून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच," तो म्हणाला.

"मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तुम्हाला नंबर लागलाय. तोही काही आजचा नाही."

तो हसला. आधी डोळे हसले, मग बाकीचा चेहरा सावकाश त्यांच्या मागून आला. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत त्याचे बाबा बसले होते. आजारपणात त्यांची डावी बाजू आणि वाचा दोन्ही गेलेली, पण उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर सारखी ताल धरत होती.

"दहा मिनिटं लागतील," शिंपी म्हणाला.

"तोवर वाजवत बसू?"

"बसा की. बाबांना आवडेल."

मी ब्लूज वाजवते. म्हणजे दादा वाजवतो, गातो, आणि मी त्याच्या मागे रिदम धरते. तीन कॉर्ड, बाराच टप्पे. ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. आठ वर्षं हेच. सहाच्या सहा तारांवर एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार… त्याच दिवशी सकाळी दादा वैतागून म्हणाला होता, "तू वाजवतेस की खिळे ठोकतेस? असंच चाललं, तर हॉलच्या कार्यक्रमाला मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल." महिन्यावर आला होता कार्यक्रम. आणि मी काय चुकतेय तेच मला कळत नव्हतं. ठोका चुकत नव्हता, कॉर्ड चुकत नव्हती.

दुसरं आवर्तन संपलं आणि शिलाई मशीन थांबलं.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. विचारा."

"वाजवताना तुम्हाला कंटाळा येतो का हो?"

मी रागावणारच होते. पण इतकी वर्षं हे मला कुणी विचारलं नव्हतं… मीसुद्धा नाही.

"येतो," मी म्हटलं.

त्याने हात पुसले, गिटार मागितली आणि मांडीवर घेतली. माझीच कॉर्ड, पण फक्त बारीक तीन तारांवर. छेडली आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडली. सूर जागच्या जागी मिटला. एकवर काही नाही, दोनवर सूर, तीनवर काही नाही, चारवर सूर. मधल्या रिकाम्या जागेत बाबांची बोटं ऐकू आली.

"कुठे शिकलात?"

"आधी वाजवायचो," तो म्हणाला आणि बॅग माझ्यापुढे सरकवली. "पट्टा झाला."

त्यानंतर दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत माझं काही ना काही फाटायला लागलं. एकदा शिवण, एकदा खिसा. तिसऱ्या बुधवारी तो कोटाचं बटण निरखत म्हणाला, "हे कात्रीने कापलंय."

"असेल. घाईत होते."

"पुढच्या वेळी नुसत्याच या… बटणाचा काय गुन्हा?"

माझे कान तापले. बाबा खिडकीकडे बघत होते. तोंडाचा उजवा कोपरा मात्र हलला.

त्या बुधवारांत मी खूप काही शिकले. कॉर्ड थेट न पकडता गिटारच्या दांडीवर एक फ्रेट वरून घसरत तिच्यावर उतरायचं. तीच तीच सेव्हन्थ कॉर्ड धरण्याऐवजी मधूनच एक सूर जास्तीची नाइन्थ घ्यायची. खोलीत कुणी दिवा लावल्यासारखं वाटतं. टप्पा बदलायच्या आधी जाड तारांवर दोनतीन सुरांची पायरी चढायची. एकदा माझं मनगट आखडलं होतं, तेव्हा त्याने दोन बोटांनी ते हलकेच सैल केलं. क्षणभरच… त्या दुपारी मी एका आजोबांना वाचायला अक्षरं दाखवण्याऐवजी कोरी भिंत दाखवली.

मग एके दिवशी तोच आमच्या दुकानात आला. डोळे तपासायला.

तपासणीची खोली लहान आणि अंधारी. मी त्याच्या नाकावर जड चौकट ठेवली आणि भिंगं बदलत गेले. आमच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर. त्याच्या शर्टाला इस्त्रीच्या वाफेचा वास होता.

"हे स्पष्ट, की हे?"

"दुसरं."

"आता?"

"आता…" तो अक्षरांकडे बघतच नव्हता. "आता अगदी स्पष्ट दिसतंय."

"मी भिंग घातलंच नाहीये अजून," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

शनिवारी दादाच्या घरी तालीम होती. मी फुशारून गेले. शिकलेलं सगळं वाजवलं: घसरणं, नाइन्थ, पायऱ्या, मिटणं… एका श्वासात सगळं. दादाने दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर गाणं थांबवलं. आमच्या ड्रमरने, ढोल्याने, काठ्या मांडीवर ठेवल्या.

"मी गातोय, आणि तू माझ्यावरून बोलतेयस," दादा म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "हॉलच्या कार्यक्रमासाठी मी दुसरा माणूस बघतो."

"अहो, असं काय एकदम…" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. मी तोवर चपला घातल्या होत्या.

तिथून तडक शिंप्याचं दुकान गाठलं. "तुमच्यामुळे झालं हे! खिळे ठोकत होते तेच बरं होतं. निदान मागे उभी तरी होते!"

त्याने सगळं ऐकून घेतलं. मशीनवरचा पाय काढला.

"चूक माझी आहे. कसं वाजवायचं ते सांगितलं, कधी आणि कुणासाठी ते सांगितलंच नाही." त्याने मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "मला सांगायला जड जातं. मी सहा वर्षं एका गायिकेच्या मागे वाजवायचो. आमचं लग्न ठरलं होतं. मी रोज नवीन काहीतरी करायचो… लोकांनी वळून माझ्याकडे बघावं म्हणून. एक दिवस ती गाता गाता थांबली. म्हणाली, 'तू मला श्वास घ्यायला जागाच ठेवत नाहीस.' मला वाटलं, गाण्याबद्दल बोलतेय."

"मग?"

"गाण्याबद्दल नव्हतं ते."

बाबांची बोटं थांबली होती. माझा राग कुठे गेला कळलंच नाही. तिथे दुसरंच काहीतरी येऊन बसलं, आणि त्याला काय म्हणावं ते मला सुचेना.

संध्याकाळी मी पुन्हा दादाकडे गेले. "तू नुसता गा. मी वाजवणार नाही, ऐकणार आहे."

"काय झालंय तुला?"

"गा ना, दादा."

तो कुरकुरत गायला. आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या भावाला ऐकलं. दुसरी ओळ संपली की तो खोल श्वास घेतो. तिसऱ्या ओळीआधी त्याचा आवाज किंचित कचरतो. लहानपणी अंधारात मला हाक मारताना कचरायचा तसा. मी गिटार उचलली. पुढच्या आवर्तनात, त्या श्वासाच्या जागी, बारीक तीन तारा फक्त दोनदा छेडल्या आणि मिटल्या. बाकी सगळं मोकळं सोडलं.

दादाने डोळे उघडले. "हे काय केलंस?"

"तू श्वास घेत होतास."

त्याने पुन्हा डोळे मिटले. मग म्हणाला, "पुन्हा कर." आणि थोड्या वेळाने, गिटारच्या खुंट्या उगाच पिळत, "ढोल्याला सांगू नकोस, पण मी कुणाला शोधणारच नव्हतो."

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. हॉल अर्धाच भरला होता. तिसऱ्या रांगेच्या कडेला चाकाच्या खुर्चीत बाबा, आणि शेजारी तो, मीच निवडलेल्या चौकटीचा चष्मा लावून. त्या दिवशी माझ्या वाजवण्याकडे कुणी वळून बघितलं नसेल. दादाच्या गाण्यावर मात्र मागच्या रांगेतल्या एका बाई डोळे पुसत होत्या. ते मी वाजवता वाजवता पाहिलं, आणि माझा कंटाळा आठवूनही आठवेना.

बाहेर आले, तर पावसाची भुरभुर चालू होती. हॉलच्या छपराखाली दोघे माझी वाट बघत होते.

"कसं झालं?"

"नाइन्थ एकदाच घेतलीत," तो म्हणाला.

"एकदाच हवी होती."

"हो." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "एक विचारू?"

"रागावेन. विचारा."

"मला दर कार्यक्रमाला यायचंय. आणि… कार्यक्रम नसेल तेव्हाही. बटण तुटलेलं नसलं तरी." शब्द अडखळत होते, पण तो मागे हटला नाही. "मला भीती वाटते. पुन्हा सगळी जागा मीच व्यापून बसेन की काय, याची."

"मग मी सांगेन ना… सरका म्हणून."

बाबांनी मान पलीकडे वळवली. त्यांची मान त्या बाजूला वळत नाही, असा माझा आजवर समज होता.

त्याने हात पुढे केला. बोटांच्या टोकांवर सुईचे बारीक खरखरीत ठिपके. मी तो धरला.

"आता तरी ते 'तुम्ही' सोडा," मी म्हटलं.

"सवय व्हायला वेळ लागेल."

"किती?"

त्याने पावसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू सांग."