उत्तराची जागा

कानडी मुलखातल्या या शहरात, राजाजीनगरात, दिवे गेले की दयानंदअण्णा गच्चीवर चटई टाकतात आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, पुण्याहून कंप्यूटरच्या नोकरीला आलेले निहार आणि कस्तुरी, न बोलावता येऊन बसतात. त्या रात्री निहारने कुठल्याशा भुताच्या सिनेमाची टर उडवली. अण्णांनी सावकाश पान लावलं, तोंडात टाकलं, आणि म्हणाले, "सिनेमाचं सोड. आंतोन रुमाव माझ्या ओळखीचा. मागच्याच गल्लीत राहायचा, हे त्यानेच मला सांगितलं. त्याचं ऐक, मग हसायचं तर हस."

साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. सात सप्टेंबर, बुधवारची रात्र.

रुमाव मूळचा वसईचा. इथल्या शिवाजीनगरच्या, पुण्याच्या नव्हे, अलीकडे चर्चचा एक स्टुडिओ होता, तिथे मराठी कार्यक्रम तो करायचा. इथे रेकॉर्ड व्हायचं, टेपचं स्पूल परदेशातल्या स्टेशनला जायचं, आणि महिन्या-चार महिन्यांनी ते शॉर्टवेव्हवर मराठी घरांत वाजायचं. प्रवचन तोच लिहायचा, नाटुकली तोच बसवायचा, नाताळची गाणी भर ऑगस्टात गाऊन घ्यायचा. बेळगावपासून नागपूरपर्यंतच्या म्हाताऱ्या त्याच्या आवाजावर जीव टाकायच्या. घरी मात्र तो आवाज कॅसेटमधूनच ऐकू यायचा.

बायको पावलीन उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. छातीत पाणी झालं होतं. तिला एकच विरंगुळा, रोझरीची कॅसेट. आता रोझरी कशी, की माळेच्या प्रत्येक मण्याला एकाने प्रार्थनेचा अर्धा भाग म्हणायचा आणि उरलेला अर्धा बाकीच्यांनी. रेकॉर्ड करताना रुमाव फक्त आपला अर्धा म्हणायचा आणि पुढे तेवढीच जागा कोरी सोडायचा. घराघरांतल्या लोकांनी त्या जागेत उत्तर द्यायचं. पावलीनही द्यायची. नवऱ्याशी तिचं बोलणं म्हणाल तर तेवढंच.

त्या बुधवारी कॅसेट वाजेना. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा तुटलेला. "दुकानातून आणतो," म्हणत रुमाव चपला घालू लागला, तेव्हा ती म्हणाली, "पट्टा राहू दे रे. आज घरी थांब. एकदा तरी आपण दोघं मिळून म्हणू. मला बरं वाटत नाहीये."

"ऑक्टोबरची रोझरी सकाळच्या पार्सलने गेली पाहिजे, पावलीन. हजारो लोक वाट बघतात."

"हजारांतली एक मी पण आहे की."

तो म्हणाला, "लगेच येतो."

दुसऱ्या दिवशी मारियामातेचा सण. पट्ट्याचं दुकान शिवाजीनगरात, आणि ते आदल्या संध्याकाळीच भगवे कपडे घातलेल्या यात्रेकरूंनी फुललेलं, पाय ठेवायला जागा नाही. पट्टा मिळाला. घरी यायला बस मिळेना, स्टुडिओ मात्र चालत जाण्याजोगा. पट्टा खिशात ठेवून तो स्टुडिओत गेला आणि तिथून घराशेजारच्या अहल्याअक्कांकडे फोन लावला. "अक्का, तिला सांगा, पट्टा सकाळी आणतो. काम उरकूनच येतो."

"बायको महत्त्वाची की काम?" कस्तुरी मध्येच म्हणाली.

"तू विचारलंस. त्याने स्वतःला विचारलं नाही," अण्णा म्हणाले.

स्टुडिओच्या रेकॉर्डिंग मशीनवर बसवंत म्हणून बेळगावकडचा गडी होता. त्याला सणाची सुट्टी देऊन रुमावने घरी पाठवलं. मशीन तो स्वतःही चालवायचा. दहाच्या सुमाराला काचेमागचा लाल दिवा लावला, कानाला हेडफोन चढवले, आणि माळ हातात घेऊन सुरुवात केली. आपला अर्धा भाग म्हणायचा. थांबायचं. मनातल्या मनात उत्तर म्हणून वेळ मोजायची. पुन्हा म्हणायचं.

पहिले दहा मणी सुरळीत गेले.

अकराव्याला कोऱ्या जागेत काहीतरी आलं. श्वास असावा. बाराव्याला शब्द आले.

बाईचा आवाज. हळू, थकलेला. प्रार्थनेचा उरलेला अर्धा.

त्याने मशीन थांबवलं. जुनं स्पूल असेल, नीट पुसलं गेलं नसेल, असं त्याने स्वतःला समजावलं. कपाटातून कोरं करकरीत स्पूल काढलं, वरचं प्लास्टिक फाडलं, चढवलं. पुन्हा पहिल्यापासून.

या वेळी पहिल्याच मण्याला उत्तर आलं.

"मरणाच्या..." इथे एक खोकला. मग "वेळी..."

असं मधेच तोडून कोण म्हणतं, ते त्याला ठाऊक होतं. आवाज ओळखला का? ओळखला. तो उठला. फोनपाशी गेला. रिसीव्हर उचलला... ठेवला. एवढ्या रात्री अक्कांना कशाला उठवायचं. आणि पार्सल?

तो परत येऊन बसला.

मग तो म्हणत गेला आणि ती उत्तर देत गेली. त्याने वेग वाढवला. ती मागे राहायला लागली. धापा टाकत, पण प्रत्येक मण्याला. एकही चुकवला नाही.

शेवटचं आमेन झालं तेव्हा एक वाजून गेला होता. स्पूल पूर्ण होतं, पण कामाचं नव्हतं. कोऱ्या जागा कोऱ्या नव्हत्या.

मग रुमावने ते केलं.

टेप मागे घेतली. माईक बंद केला. जिथे जिथे तिचा आवाज होता तिथे रेकॉर्डचं बटण दाबलं. माईक बंद ठेवून बटण दाबलं की त्या जागेवरचं सगळं पुसलं जातं. पहिला मणी... पुसला. दुसरा... पुसला. हात कामाचा होता. एकाही ठिकाणी चुकला नाही.

शेवटचा पुसताना हेडफोनमध्ये ती म्हणाली, "आंतोन..."

ते प्रार्थनेत नाही.

त्याने तेही पुसलं.

पहाटे तो घरी पोचला तेव्हा दार उघडंच होतं. अहल्याअक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

"ये बाबा. झालं काय काम तुझं?"

"ती...?"

"दहापासून प्रार्थना म्हणत होती रे. टेप बंद, तू नाहीस, आणि ही उत्तर देतेय. मध्ये थांबायची, ऐकल्यासारखं करायची, परत म्हणायची. मी म्हटलं, पावलीन, स्वल्प पाणी घे गं. हातानेच नको म्हणाली." अक्कांनी पदर तोंडाला लावला. "एक वाजल्यावर जरा शांत झाली. मग काय झालं देव जाणे... परत तोंड हलवायला लागली, पण आवाज येईना. तोंड उघडायची, आणि काही नाही. गळ्याला हात लावून बघायची. घाबरली रे ती. फार घाबरली. शेवटी तुझं नाव घेत होती, ओठांवरून कळलं मला. तेही आलं नाही बाहेर."

रुमावने आत जाऊन खिशातला पट्टा बंद टेपरेकॉर्डरवर ठेवला. गल्लीतल्या कोणीही त्याला रडताना पाहिलं नाही.

गच्चीवर निहारने घसा खाकरला. "कोइन्सिडन्स असेल, अण्णा. थकलेला माणूस, रात्रभर जागलेला..."

"असेल. पण बसवंतने ते स्पूल पाठवलं नाही."

"का?"

"ज्याच्यासाठी बाई नवऱ्याविना मेली, तो कार्यक्रम कधी वाजलाच नाही, बघ. सकाळी बसवंतने तपासायला टेप लावली. मशीनवर आवाज मोजणारी एक सुई असते. आवाज असला की उठते, नसला की खाली पडून राहते. रुमावचा अर्धा आला, सुई उठली. कोरी जागा आली. कानाला काही नाही, अगदी स्वच्छ... आणि सुई उठली. प्रत्येक जागेत. मधेच खोकल्यासारखी झटका घ्यायची."

खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"बसवंतने मला स्टुडिओत नेऊन दाखवलं, म्हणून सांगतो. शेवटचं आमेन होतं. रुमाव संपतो. पुढे नुसती टेप आहे, त्यावर कोणी काही रेकॉर्ड केलेलं नाही..."

"आणि?"

"सुई खाली येत नाही. टेप संपेपर्यंत येत नाही. ती बोलतेच आहे."