घड्याळाच्या तीन कड्या

तिसरी कडी जागेवर बसली तसा बालाजी सोनाराने चिमटा खाली ठेवला.

"बराबर बसल्या, ताई! कानससुद्धा लावावी लागली न्हाई."

करुणा खिल्लारेने हरखून हात पुढे केला. वडिलांचं सोन्याचं घड्याळ अखेर पुरं झालं होतं. तिनं पट्टा उजेडात तिरपा धरला आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं.

जुन्या पट्ट्यावर एक बारीक, तिरका ओरखडा होता. तुटलेल्या टोकाशी तो संपायचा. आता संपत नव्हता. बसवलेल्या पहिल्या कडीवर तो तसाच पुढे गेला होता आणि दुसरीवर फिकट होत विरला होता.

"बालाजीभाऊ, हा ओरखडा आत्ता पडला का?"

"न्हाई हो. लई जुना हाय. झिजून गुळगुळीत झालाय, बघा की."

करुणा घड्याळ मुठीत धरून बाहेर आली. आखाडा बाळापूरचा बाजार ऐन भरात होता, पण तिला काहीच ऐकू येत नव्हतं. या कड्या हैदराबादहून विकत आणलेल्या. मग बाबांच्या घड्याळावरचा ओरखडा त्यांच्यावर आला कसा?

उत्तर एकच होतं. या कड्या बाबांच्याच होत्या.

तिचे वडील अमृतराव बाळापूरच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. गेल्या वर्षी ते नांदेडला गेले, "बसनं परत येतो" म्हणाले, आणि वाटेतल्या वारंगा फाट्याजवळ रस्त्याच्या कडेला सापडले. कुठल्याशा गाडीनं उडवलं होतं. गाडी पळाली, ती कुणी पाहिली नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा धुगधुगी होती. थोडं आधी आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले. घड्याळ अंगाखाली सापडलं. पट्टा तुटलेला, टोकाच्या तीन कड्या गायब. करुणाने नंतर फाट्यावरची माती बोटांनी चाळली. काही मिळालं नाही.

घड्याळ मूळचं आजोबांचं. हैदराबादला एका जहागीरदाराकडे ते ड्रायव्हर होते, त्या जहागीरदारानं निरोपाच्या वेळी दिलेलं. विटांच्या विणीचा सोन्याचा पट्टा, टोकाकडे निमुळता होत गेलेला. तसे पट्टे आता कुणी करत नाही. करुणाने मोबाईलवरून फोटो पाठवून नांदेड, मुंबई, हैदराबादच्या जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्यांना विचारलं. सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली: आधी माप पाठवा. पट्टा निमुळता आहे, प्रत्येक कडीची रुंदी वेगळी. एकाने पाठवलेली कडी रुंद निघाली, दुसऱ्याच्या सोन्याचा रंग तांबूस.

आणि मग विश्वंभरकाका, हैदराबादहून विकत आणल्या म्हणत, एका डबीत तीन कड्या घेऊन आले.

विश्वंभर म्हणजे शिरड शहापूरचे मोठे शेतकरी, अमृतरावांचे शाळेपासूनचे जिवलग मित्र. अंत्ययात्रेत पहिला खांदा त्यांचा होता. करुणाच्या आईला, लक्ष्मीबाईंना, ते सख्ख्या दिरासारखे. रस्त्यावर पडलेल्या कड्या कुणीतरी उचलून विकल्या असतील आणि काकांनी नकळत त्याच विकत घेतल्या असतील, असं करुणाने मनाला बजावलं. या विचाराला तिनं घट्ट धरलं आणि फोन लावला.

"काका, कड्या दिल्या त्या दुकानदाराचं नाव काय?"

"काहून? बसल्या न्हाईत का?"

"बसल्या. बराबर बसल्या. नाव सांगा ना."

"चारमिनारकडं हाय एक म्हातारा. नाव ध्यानात न्हाई बघ, पोरी."

"त्याला माप कुणी दिलं?"

"तूच दिलं व्हतंस की."

काकांना तिनं माप दिलं नव्हतं. घड्याळ तर तिच्या कपाटात कुलपात होतं.

कळमनुरीच्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्या कड्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. दोन कड्यांच्या जोडात काहीतरी रुतलं होतं. तिनं सुईच्या टोकानं ते सैल केलं. रंगाचा पापुद्रा होता. गडद हिरवा.

काकांची जीप पांढरी होती. पण पहिल्यापासून नव्हती. बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला काका मोटारसायकलवर आले होते. जीप रंगवायला टाकली आहे, म्हणाले होते. त्याआधी ती गडद हिरवी होती. लहानपणी करुणा त्याच जीपच्या मागच्या बाकावर बसून औंढ्याच्या जत्रेला गेली होती.

ती उठली आणि थेट पोलीस ठाण्यात गेली.

दुपारी फौजदार संगिता पाईकराव आणि करुणा एका शिपायाला घेऊन शिरड शहापूरला पोचल्या. विश्वंभर अंगणात बाजेवर बसले होते. खाकी कपडे पाहून त्यांनी पाय खाली सोडले.

"ये पोरी. मॅडमला कशाला तकलीफ दिली?"

"अमृतराव गेले त्या दिवशी तुम्ही कुठं होता?" संगिताने विचारलं.

"हितंच. शेतात."

"जीप?"

"दारात उभी."

संगिताने शिपायाला खूण केली. त्यानं जीपचं डावं दार उघडून कडेचं रबर उचकटलं. पांढऱ्या रंगाखालून हिरवी कड डोकावली.

करुणाने पापुद्र्याची पुडी बाजेवर ठेवली.

"हा रंग बाबांच्या कड्यांत अडकला होता, काका. मी सांगू काय झालं ते? बाबा नांदेडहून बसनं आलेच न्हाईत. ते तुमच्या जीपमध्ये होते. फाट्यावर उतरले. दाराशी त्यांचा हात असताना तुमी गाडी पुढं काढली. पट्टा दाराच्या हँडलमध्ये अडकून तुटला. तुटलेलं टोक तुमच्या दारात राहिलं, घड्याळ त्यांच्यासंगं रस्त्यावर पडलं. म्हणून मला मातीत काही घावलं न्हाई. तुमाला माप लागलं न्हाई, कारण कड्या विकत घ्यायच्याच नव्हत्या. तुमच्या घरातच होत्या."

विश्वंभरनी पुडी उचलली आणि परत बाजेवर ठेवली.

"काहून केलंत असं?" करुणाचा आवाज चिरकला. "जन्माचे दोस्त ना तुमी?"

"माझ्या भावजयीनं दावा लावला व्हता," ते हळू बोलले. "भाऊ मेल्यावर तिचं वावर मी दाबलं, म्हणून. अमृत तिच्या बाजूनं साक्ष देणार व्हता. त्यासाठीच नांदेडला वकिलाकडं गेला. मी गाडीत घालून आणलं, वाटभर विनवलं. 'विश्वंभर, खोटं न्हाई बोलणार,' म्हणला. फाट्यावर उतरला. पिशवी घ्यायला वळला अन् मी रागात गेर टाकला."

"मारायचं होतं?" संगिता.

"न्हाई, आईशप्पथ न्हाई."

"मग थांबला का नाहीत?"

विश्वंभरनी खांद्यावरचं उपरणं ओढलं.

"कड्या मला काहून दिल्या?" करुणाने विचारलं. "फेकून दिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं."

"फेकवल्या न्हाईत. त्याच्या हातातल्या व्हत्या." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "अन् तू गावोगावच्या दुकानदारांना फोटो धाडून राहिली व्हतीस. कुणी विचारलं असतं, कड्या गेल्या कुठं म्हणून. वाटलं, घड्याळ पुरं झालं की पोरगी थांबंल."

करुणाला एकच गोष्ट विचारायची उरली होती, आणि तिचं उत्तर तिला नको होतं.

"बाबा तेव्हा जिवंत होते. तुमाला ठाऊक होतं?"

विश्वंभरनी डोळे मिटले.

"आरशात दिसला. हात वर केला व्हता त्यानं. हाक मारून राहिला व्हता."

"कुणाला?"

"मला."

संगिताने त्यांना उठवलं. घड्याळ पुरावा म्हणून पाकिटात गेलं. जीपच्या चाव्या शिपायाने घेतल्या. फाटकाबाहेर गावकरी जमू लागले होते. त्यांच्यामधून वाट काढत विश्वंभर पोलिसांच्या गाडीत बसले. त्यांनी एकदा मान वळवून करुणाकडे पाहिलं. ती तशीच उभी राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"करुणा, कुठं हायेस तू? आज आंबाडीची भाजी केलीय. विश्वंभरभावजींना लई आवडती. शिरडकडं गेलीस तर त्यांनाबी घेऊन ये जेवायला. भाकरी गरम टाकते."

करुणाने पोलिसांच्या गाडीकडे पाठ फिरवली.

"अगं, ऐकून राहिली ना? येणार ना भावजी?"

"न्हाई, आई," ती म्हणाली. "भाकरी टाकू नको. मी येते घरी. मी आल्याबिगर कुणाचा फोन उचलू नको."