झेंडूत उतरलेलं विमान

खंडेनवमीची कंपनीतली पूजा उरकून तेजल चाकणजवळच्या आपल्या मळ्यात पोचली आणि तिनं डोक्याला हातच लावला. तोडणीला आलेल्या झेंडूत एक छोटं विमान नाक खुपसून पडलं होतं, आणि तिची आई ठकुबाई विहिरीवरच्या मोटारीचा पाइप धरून ते खसाखसा धूत होती!

"आई! अगं, काय चाललंय?"

"दिसत न्हाई व्हय? पलीकडच्या विमानाच्या शाळंतलं हाय. सकाळी पडलं. खंडेनवमीला दारात आलेलं वाहन तसंच ठिवायचं का?"

धुऊन झालं, हळदीकुंकू झालं, पुढच्या पात्याला हारही चढला. तेजल कंपनीत क्वालिटीला होती. बिघडलेल्या वस्तूला तपासणीआधी हात लावू नका, असं ती रोज आठ तास ओरडून सांगायची. आणि घरी हे!

"हार छान आहे..." मागून कुणीतरी म्हणालं.

कपाळावर दोन टाके, गुडघ्यापर्यंत चिखल आणि चेहऱ्यावर चक्क हसू! हा निरंजन, विमान चालवणारा शिकाऊ वैमानिक. दवाखान्यातून थेट इकडे आला होता.

"हसताय काय? आमची अख्खी ओळ झोपवलीत!"

"दोन ओळी. मी मोजल्या."

"उतरायला दुसरी जागा नव्हती?"

"होती ना, शेजारी खडक होता. झेंडू जरा... मऊ वाटला."

तेजलला खूप राग यायला हवा होता. तेवढ्यात तो खाली वाकून आडवी झालेली रोपं एकेक करून उभी करू लागला, आणि राग कुठे गेला तेच कळेना. तिला स्वतःचाच वैताग आला.

मग विमानाच्या शाळेतून चौकशीचे साहेब आले. हळदीकुंकू बघून त्यांनी तोंड वाकडं केलं, उजव्या पंखातल्या टाकीतून बाटलीत थोडं पेट्रोल काढलं आणि बाटली उन्हात धरली. तळाशी पाणी!

"झालं! पाण्यानंच इंजिन बंद पडलं. पेट्रोल ज्योतीराम मेकॅनिकनं भरलं होतं ना? त्याला घरी बसवा. निरंजन, तू सुटलास."

तेजलनं वर पाहिलं. त्याच पंखावरचं टाकीचं झाकण आपटून निघालं होतं. ते पाणी आईच्या पाइपचं होतं! ठकुबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तेजलनं निरंजनकडे पाहिलं. आता हा मान हलवणार... कंपनीत सगळे हलवतात. मशीनची चूक, मालाची चूक, नाहीतर मागच्या शिफ्टची. यानं तसं करू नये असं तिला इतकं मनापासून वाटलं, की तिची तीच दचकली.

"इंजिन पाण्यानं बंद पडलं नाही, सर," निरंजन म्हणाला. "ज्योतीरामभाऊंची काही चूक नाही. डावी टाकी रिकामी झाली आणि उजवी चालू करायला मी विसरलो. आठवलं तेव्हा समोर झेंडू होता."

"आणि ते पाणी आमच्या मोटारीचं आहे," तेजल घाईघाईनं म्हणाली. "आईनं विमान धुतलंय."

साहेबांनी एकदा हाराकडे, एकदा निरंजनकडे पाहिलं. "सहा महिने विमानाला हात लावायचा नाही. मग पुन्हा परीक्षा. पास झालास तर ठीक, नाहीतर दुसरं काहीतरी बघ!" असं बजावून ते तरातरा निघून गेले.

निरंजनचं हसू मावळलं. ते पाहून तेजल भडकलीच.

"गप्प बसला असतात तर सुटला असतात!"

"आणि ज्योतीरामभाऊ?"

"ते कळतं हो मला! म्हणून तर चिडलेय."

"म्हणजे... नक्की कशावर?"

"तुमच्यावर! चार वर्षं मी 'चूक माझी' म्हणणारा एक माणूस शोधतेय. तो सापडावा कुठे, तर आमच्याच झेंडूत! ओळख ना पाळख, आणि आवडूनही बसलात..."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. ठकुबाईनं पाइप गुंडाळायला घेतला, पण कान इकडेच होते.

"मलाही..." निरंजन अडखळला. "तुम्ही ओरडलात ना, तेव्हाच. पण आता सहा महिने मी जमिनीवरच. येऊ कसा?"

"राहता कुठे?"

"दिघीला."

"मग रस्ता आहे की! उद्या दसऱ्याला या, अकरापर्यंत. आणि उशीर झाला तर ट्रॅफिकचं नाव सांगायचं नाही."

"नाही सांगणार. मीच उशिरा निघालो, असं सांगेन."

"अहो, पण लवकर निघा ना!" तेजल वैतागून म्हणाली. डोळे मात्र भरून आले होते.