अप्पांचा फोन जोडला जात नाही

चेन्नईतल्या रिची स्ट्रीटवरच्या एका चिंचोळ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात देविका फोनवर आईशी बोलत होती आणि शेजारी वायरी चाळत उभा असलेला तरुण सरळ कान देऊन ऐकत होता.

"हा चष्मा डोळ्यांना बांधायचं, मणजे फोन भिंतीएवढा दिसतो, असं दुकानदार मणतो, अम्मा. पण जोडायचं कसं ते त्याला ठाऊक नाही."

तिने फोन ठेवला तसं त्याने विचारलं, "माफ करा हं... पण ही मराठी कुठल्या शतकातली?"

"सतराव्या," देविका म्हणाली. "आमचे लोक तंजावरला पुढं आले. तुमचे मागंच राहिले, त्याला आम्ही काय करायचं?"

तो हसला, आणि हसता हसता कानांपर्यंत लाल झाला. देविकाला ते कान फार आवडले. आता कान हे काही आवडायचं कारण आहे का? पण आवडले, त्याला इलाज नाही.

त्याचं नाव अद्वय. कऱ्हाडचा. श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटार कारखान्यात नव्या कामगारांना असेच व्हीआर चष्मे चढवून काम शिकवायचं, ही त्याची नोकरी. फोन चष्म्यात दिसायला लावणं म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं तो म्हणाला, आणि जॉर्ज टाउनच्या बँकेत चार चारदा सही पडताळणाऱ्या देविकाने अनोळखी माणसाला घरचा पत्ता देऊन टाकला.

चष्मा अप्पांसाठी होता. तिचे वडील बालाजीराव रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांच्या नजरेच्या बरोबर मधोमध धुकं साचलं. कडेकडेचं दिसायचं, समोरच्याचा चेहरा मात्र नाही. आणि घाई होती ती गिरिधरमुळे. बंगळूरचं स्थळ, तंजावरकडचंच घराणं, पत्रिका जुळलेली, अम्माला पसंत. फोटो महिनाभर अप्पांच्या फोनमध्ये पडून होता. अप्पांचं एकच पालुपद, मुलगा माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय होकार देणार नाही. तिकडच्या मंडळींनी रविवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. देविकाला कुणी विचारलं नव्हतं, आणि तोवर तिच्यापाशी नाही म्हणायला कारणही नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी खरोखरच पाच मिनिटं लागली. फोन आणि चष्मा एकाच वायफायवर घेतले, दोन्हीकडे ॲप टाकलं, फोनवर परवानगीचं बटण दाबलं, झालं. अप्पांनी फोनवरच्या पेपरचा मथळा वाचला आणि पाठोपाठ खालची अख्खी बातमी. मग मान अवघडली, फोटो उद्या निवांत बघू म्हणाले.

अद्वय कॉफी पीत बसला. पेल्याच्या काठावरून एकदा देविकाकडे बघितलं, ती बघतेय म्हटल्यावर पंख्याकडे बघितलं. दारात चपला घालताना म्हणाला, "चला... माझं काम संपलं."

तो जिना उतरेपर्यंत देविका दारातच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बँकेत जायच्या आधी तिने अप्पांच्या फोनचं वायफाय बंद केलं. एवढंच. संध्याकाळी चष्म्यात काळोख, अप्पा वैतागलेले, आणि अद्वयला निरोप.

मग सुरूच झालं ते. एके दिवशी वायफाय बंद, एके दिवशी परवानगी काढलेली, एके दिवशी अख्खं ॲपच पुसलेलं. दिवसभर बँकेत तिचं चित्त म्हणून ठिकाणावर नसायचं. कुणाचं पासबुक कुणाला दे, मॅनेजर बोलले की भलतीकडे मान हलव. साडेसहाला अद्वयच्या कंपनीची बस नाक्यावर थांबायची. सहापासून देविका गॅलरी ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते गॅलरी. कपाळावरचा घाम पुसायचा, वेणी पुढे घ्यायची, मागे टाकायची. तो दुरुस्त करायचा आणि तोवर अप्पांची संध्येची वेळ व्हायची. फोटो राहूनच जायचा.

"तुमच्या घरातलं वायफाय फार लहरी आहे," अद्वय एकदा म्हणाला.

"घरातलंच ते. घरच्यांवर जाणार."

"मग मला रोज यावं लागणार?"

"कुणी नक्को मटलंय?"

हे बोलून ती आत पळाली आणि उगाच भांडी घासत बसली, घासलेलीच.

पण शनिवारी मात्र पंचाईत झाली. उद्या उत्तर द्यायचं, आणि आज अद्वय फोन हातात घेऊन गॅलरीत तिच्यासमोर उभा.

"देविका, ॲप आपोआप पुसलं जात नाही. आठ दिवस मी उगाच वायफायला बोल लावतोय. कोण करतंय हे?"

मग तिने सगळं सांगितलं. फोटो, गिरिधर, उद्याचा रविवार. शेवटचं तेवढं जिभेवर अडलं.

"आणि... जोडलं गेलं मणजे तुम्ही येणार नाही. मणून."

खालून भाजीवाल्याचा आवाज येत होता. अद्वयने हातातला फोन उलटा-पालटा केला. तो आता काहीतरी बोलेल, काहीही, म्हणून देविका वाट बघत होती.

"काकांना बघायचंय गं," तो म्हणाला. "आणि आपण त्यांना बघू द्यायचं नाही? मला नाही जमणार."

तो आत गेला, बॅगेतून वायर काढली आणि वायफायचा नादच सोडून फोन थेट चष्म्याला जोडू लागला.

देविकाचं डोकं भणाणलं. सगळं ऐकून घेतलं आणि साधं एक वाक्य नाही? ती त्याच्या मागोमाग आत गेली. अप्पांनी चष्मा चढवला. अम्मा पदराला हात पुसत येऊन बसली. अप्पा फोनवर बोट फिरवत म्हणाले, हं, हा गिरिधर. बरा आहे. कपाळ मोठं आहे.

आणखी दोन मिनिटं, की अप्पा होकार देणार.

"अद्वय," देविकाने हाक मारली. तो हातातल्या वायरीसकट वळला. तिने आपल्या फोनवर त्याचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे अप्पांना पाठवला. खाली मराठीत लिहिलं, हेही स्थळ बघा. माझ्याकडून.

अप्पांचं बोट थांबलं. देविका सोडून खोलीत कुणालाच कळेना काय झालं. अम्माने काय झालं म्हणून विचारलं, तर अप्पांनी हातानेच तिला थांबवलं. त्यांनी ती दोन वाक्यं वाचली, मग पुन्हा वाचली.

"देवी, हा वायर धरलेला कोण?"

"तुमच्या शेजारी उभे आहेत ते, अप्पा."

अद्वयच्या लक्षात आलं. तो पांढराफटक पडला, आणि मग कान... विचारू नका.

"काका, मी इथेच आहे," तो कसाबसा म्हणाला. "चष्मा काढलात तरी—"

"काढून काय करू, तंबी, पोरा? आठ दिवस येतोस, तुझं तोंड मला एकदाही दिसलं नाही. उभा राहा. बघू दे."

अप्पांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. डोळे बघितले, नाक बघितलं, हनुवटीपर्यंत खाली आले, परत वर गेले. अम्मा एकदा अद्वयकडे, एकदा देविकाकडे बघत होती. आयुष्यात इतकी भीती देविकाला कधी वाटली नव्हती, आणि इतकं आवडलंही नव्हतं कुणी.

शेवटी अप्पांनी चष्मा न काढताच विचारलं, "जन्मतारीख काय?"

अद्वयने तारीख सांगितली. मग कुणी न विचारताच वेळ सांगितली, गाव सांगितलं, आणि म्हणाला, "गोत्र उद्या सकाळी आईला विचारून सांगतो. सातच्या आत सांगतो, काका."