कंगव्यातले केस

चंद्रपूरच्या कॉलेजात नाहीद वायू ओळखणाऱ्या अतिसूक्ष्म, नॅनो नळ्या बनवायची. रीत सोपी: बारीक तंतूवर टिन ऑक्साइडचा थर चढवायचा, भट्टीत ठेवायचं. तंतू जळून जातो, थराची पोकळ नळी उरते. धाकटा भाऊ सलमान माजरीच्या कोळसा खाणीत उतरायचा. तिथला वायू त्याला वेळेवर कळावा, त्यासाठीच हा सारा आटापिटा.

ऐन वेळी तंतू काढायचं यंत्र बिघडलं. नाहीदनं सरळ सलमानच्या कंगव्यातले केस उचलले. केसाची नळी जाडजूड, तिला नॅनो म्हणायची लाज वाटावी. पण थराची परीक्षा तरी होईल.

अम्मी घरातले गळलेले केस अंगणात पुरायची. ती कळवळली, "जित्या मानसाचा केस जाळू नाई, पोरी!"

"अम्मी, केसच तो. काही होत नाई."

भट्टीतून नळ्या निघाल्या. नाहीदनं त्या काचेच्या डबीत बंद केल्या, तारा जोडल्या, हीटर लावला. आत नुसती कोरडी, शुद्ध हवा. वायूच नाही, तर पडद्यावर रेष सरळ धावायला हवी होती. ती वर गेली, खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. अगदी संथ.

कुठं गळती असेल म्हणून तिनं झाकण नव्यानं घट्ट केलं, तारा बदलल्या. रेष काही ऐकेना.

संध्याकाळी सलमान तिला न्यायला आला. तो धावत जिना चढू लागला तशी रेष भराभरा उडायला लागली. स्टुलावर टेकून तो निवांत झाला, रेषही निवली. नाहीद एकदा रेषेकडे, एकदा त्याच्या छातीकडे पाहू लागली.

"आपा, चेहरा काऊन उतरला तुया?"

तेवढ्यात लाइट गेली. हीटर विझला. लॅपटॉपवरची रेष खाली, खाली आली. सलमाननं छाती दाबून धरली. तोंड उघडलं, आवाज फुटेना.

लाइट आली.

"बापरे, दमच अडकला होता," तो म्हणाला.

डिसेंबरच्या थंडीनं गारठलेली काचपट्टी नाहीदनं त्याच्या तोंडापुढे धरली.

"फुंक."

"काय करून राह्यली तू?"

"फुंक म्हणते ना!"

त्यानं फुंकलं. पट्टी कोरडीच.

बंद डबीची काच मात्र आतून धुरकटली.

खालून शिपाई श्रीहरीभाऊंनी रोजच्यासारखी हाक दिली, "बाई, निघा आता. मेन स्विच बंद करून राह्यलो."