ल्वोयांगचा उरलेला टोल

“समोरचा कितीही हट्टी असो, निरू, आवाज चढवायचा नाही,” आई सांगायची. आईची बेडेकर सरांशी गाठ पडली नव्हती, म्हणून.

“यात घोडा खिंकाळतोय,” सर म्हणाले. “प्रदर्शनात लोक टोल ऐकायला येणार की तबेला? पुढचा घ्या.”

डॉ. निरुपमा खांबेटेने ओठ घट्ट मिटून ‘कालकर्णा’ची कळ फिरवली. भूतकाळातला आवाज ओढून आणणारं हे यंत्र. सतराशे वर्षांपूर्वी चिनी सम्राटाची राजधानी ल्वोयांग शत्रूने लुटली, जाळली. त्या पहाटे वेशीवर बडवलेल्या धोक्याच्या घंटेचा एकेक टोल ती दोघं टिपत होती. कधी कुत्रं भुंके, कधी पहारेकरीच खोके. की सर तो टोल नापास करून पुसायला लावत. आणि एकदा घेतलेला क्षण पुन्हा लावला, तर कोरा निघे.

“यंत्र दमतं,” हे सरांचं ठरलेलं उत्तर.

मदतीला चीनहून आलेल्या इतिहासकार शेनबाई हसल्या. “आमच्या घरी दरवर्षी राजधानी पडल्याच्या दिवशी जेवणाआधी काशाच्या वाटीवर एकच टोला देतात. पूर्वजांना एकच टोल ऐकू आला. तेवढ्यावर ते पोरं उचलून निघाले. बाकी गल्ली झोपेतच कापली गेली.”

“एकच? पहारेकरी तर हात मोडेस्तोवर बडवतोय!”

बोलता बोलता निरुपमाचा हात थबकला.

“सर, आवाज म्हणजे ऊर्जा. ती एकाच वेळी दोन ठिकाणी राहील कशी? आपण नक्कल घेत नाही, उचलून आणतो. इथे वाजलं, ते तिथे वाजत नाही. आपण पुसलेले ते सगळे टोल…”

“म्हणजे राजधानी आपण बुडवली? खांबेटे, आज उपास धरलाय ना? आधी तो सोडा, डोकं चालेनासं झालंय! एकच टोल उरलाय. जेवून आलो की घेऊ.” डबा उचलून सर गेलेसुद्धा.

शेनबाईंचा चेहरा उतरला. “तो आमचाच असणार.”

“तो तिथेच वाजेल. शब्द देते.”

“सर तुमचं ऐकतील?”

“छे! आजवर कधी ऐकलंय? पण तुम्ही माझ्यासमोर उभ्या आहात. म्हणजे तो टोल वाजला. म्हणजे सरांना कुणीतरी अडवलं.”

तिने खोलीभर नजर फिरवली. दुसरं कोण होतं? मग पदर खोचून ती कालकर्णाच्या मागे गेली, खाली बसली आणि हलक्या हाताने पहिला स्क्रू सैल करू लागली.