रिकाम्या खोलीचं रीडिंग

"काम तसं अर्ध्या तासाचं होतं," मामा म्हणाले. "मी म्हटलंसुद्धा त्याला, पहाटे येऊन कर. पण ऐकेल तर तो वकील कसला!"

जेवणं कधीच उरकली होती. थोरला आणि धाकटी गादीवर एकाच पांघरुणात शिरून बसली होती. मामा तीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजच्या वायरलेस लॅबमध्ये मेकॅनिक होते. त्यांच्या गोष्टींत झाडावरचं भूत कधीच नसायचं, म्हणून त्यांची जास्त भीती वाटायची.

"खरा वकील होता?" धाकटीने विचारलं.

"छे गं. पीएचडी करत होता. चूक दाखवली की लगेच स्वतःची बाजू मांडायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. आता मधे बोललात तर दिवा घालवीन."

"तसाही घालवणारच आहेस तू," थोरला म्हणाला.

मामांनी दिवा घालवला.

वकिलाच्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसायची. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक, आणि सतत वायरींचे तुकडे गोळा करायची. तिचं नाव पडलं चिमणी. लॅबमधलं खरं डोकं तिचं होतं. वायफायसारख्या लहरी खोलीत सोडायच्या. माणूस श्वास घेतो तेव्हा छाती काही मिलिमीटर हलते, लहरी तिच्यावरून परततात आणि यंत्राला तेवढा फरक कळतो. मग पडद्यावर त्या श्वासाची लाट उमटते. कॅमेरा नको, अंगावर वायर नको. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा श्वास अडखळला तर शेजारी निरोप जावा, एवढ्यासाठी तिने दोन वर्षं रात्रीचा दिवस केला होता.

"आणि वकील काय करायचा?"

"तिच्यासाठी चहा आणायचा आणि पेपरवर आपलं नाव आधी टाका म्हणायचा. एकदा ती सगळ्यांसमोर म्हणाली, 'चहा चांगला आणतोस रे, पण चहाला पीएचडी मिळत नाही.' सर हसले. आम्हीही हसलो. तो नाही हसला."

यंत्राची चाचणी फोमच्या खोलीत व्हायची. भिंती लोखंडी पत्र्याच्या, आतून छतापर्यंत टोकदार फोम. बाहेरची लहर आत येत नाही, आतली बाहेर जात नाही. मोबाईल तिथे नुसता विजेरीसारखा. हाका मारल्या तरी फोम गिळून टाकतो. म्हणून लॅबचा एक नियम होता. आत जाणाऱ्याने आपलं कार्ड दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायचं. रात्री पहारेकरी खुंटी बघणार. कार्ड नसेल तरच बोल्ट घालणार.

त्या हसण्याच्या दुसऱ्या दिवशी चिमणी रात्री एकटी आत बसली होती. वकिलाने जाता जाता तिचं कार्ड काढून खिशात टाकलं. जरा घाबरू दे, म्हणाला मनाशी. तासाभराने परत येऊन उघडू. खोलीवर जाऊन आडवा झाला, आणि डोळा लागला.

चिमणीला दमा होता. औषधाचा पंप बाहेर बॅगेत होता.

सकाळी सगळे हळहळले. पोरगी कार्ड लावायला विसरली, म्हणाले. वकीलही म्हणाला. आणि वर्षभराने तिचंच काम त्याच्या प्रबंधात बसलं. कार्डाचं मात्र तो कोणाला बोलला नाही.

"मग तुला कसं कळलं?" थोरल्याने विचारलं.

"त्यानेच सांगितलं. एकदाच. ऐक."

फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. शुक्रवारी सकाळी नऊला वकिलाची तोंडी परीक्षा. बाहेरच्या परीक्षकांनी आयत्या वेळी एकच गोष्ट मागितली होती: रिकाम्या खोलीचं ताजं रीडिंग. खोलीत कोणी नसताना यंत्र सरळ रेष दाखवतं, हे सिद्ध करा. नाही तर पदवी अडकली. दिवसा लिफ्टच्या हादऱ्यानेही रेष थरथरते, म्हणून हे काम रात्रीच करायचं.

अकरा चाळीसला त्याने फोमची खोली तपासली, आतला दिवा बंद केला, दार ओढून घेतलं आणि बाहेर संगणकासमोर बसला. हिरवी रेष सरळ चालली होती. वकिलाने पाय टेबलावर टाकले.

बारा वाजून दहा मिनिटांनी रेषेला उंचवटा आला.

एक. मग दुसरा. मग तिसरा.

त्याने पंखा बंद केला. लिफ्टकडे जाऊन पाहिलं. लिफ्ट तळाशी उभी होती. परत आला तर पडद्यावर लाट चालूच. आत कोणीतरी श्वास घेत होतं. आखूड श्वास, वर ओढलेला, मधेच अडकणारा. दोन वर्षं त्याने चिमणीच्या श्वासाचे आलेख पाहिले होते. ओळखीचं अक्षर ओळखावं तशी त्याने ती लाट ओळखली.

पण तो वकील होता. स्टँडचा स्क्रू ढिला असेल, म्हणाला. अँटेना हलत असेल. दाराला स्टूल लावलं, मोबाईलचा उजेड घेतला आणि आत गेला. मिनिटभराचं काम. कार्ड कशाला लावायचं?

स्क्रू घट्ट होता.

मागे दार बंद झालं. आवाज आला नाही. कान दडपले, तेवढंच.

त्याने मूठ धरून दार ओढलं. हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. पहारेकऱ्याने बोल्ट घातला, त्याला वाटलं. तो ओरडला. आवाज ओठांपाशीच मेला.

मग त्याला ऐकू आलं.

श्वास.

त्याचा नव्हता. त्याने आपला रोखून पाहिला. तरी येत होता. अगदी जवळ, दाराशी. उजेड टाकला. फोम. नुसता फोम.

"कोण आहे?"

...

"चिमणे... मी गंमत केली गं. मी येणार होतो."

श्वास शिट्टीसारखा वाजला.

तो मागे सरकला. समोरच्या कोपऱ्यापर्यंत. पाठ भिंतीला लागली.

"चुकलो. कार्ड मी काढलं. मी काढलं!"

श्वास थांबला.

...

मग पुन्हा सुरू झाला. तिला माफी नको होती. त्या रात्री जे कोणीच ऐकलं नव्हतं, ते ती त्याला ऐकवत होती. पहिल्या धापेपासून. लांबलेल्या, तुटणाऱ्या, शेवटच्या ओढीपर्यंत. मग शांतता. त्याला वाटायचं, संपलं.

आणि मग... पहिल्यापासून.

पावणेचारला मोबाईल संपला. अंधार. फक्त ती.

परीक्षेची मांडामांड करायला साडेसहाला मामा लॅबमध्ये आले. पडद्यावर दोन लाटा चालल्या होत्या. त्यांनी फोमच्या खोलीचं दार उघडलं. वकील समोरच्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता, बोटांच्या नखांत फोम. मामांना बघून त्याने त्यांचा हात धरला आणि एका दमात सगळं सांगितलं. नऊ वाजता परीक्षकांसमोर उभा राहूनही तेच सांगितलं: काम माझं नाही, आणि ती विसरली नव्हती. पदवी गेली. पुढे पोलीस आले. तो त्यांच्याबरोबर निमूट गेला. पहिल्यांदाच बाजू मांडली नाही.



"पण मामा," थोरला म्हणाला, "पहारेकऱ्याने बोल्ट घातला होता. त्यात भूत कुठे आलं? भीतीने माणसाला काहीही ऐकू येतं."

"बोल्ट उघडा होता," मामा म्हणाले. "मी नुसतं ढकललं दार. आत उघडतं ते. सुरुवातीला जड लागलं... कोणी आतून टेकून बसलं असावं तसं. मग हलकं झालं."

"वकीलच बसला असेल टेकून."

"तो समोरच्या कोपऱ्यात होता. आणि सहा फूट उंच होता. दाराला आतून जो फोम आहे ना, त्याची टोकं खाली दबली होती. पाठीचा आकार. वर डोक्याचा गोल."

अंधारात मामांचा हात आला आणि गादीवर बसलेल्या धाकटीच्या डोक्यावर टेकला. ती दचकली.

"एवढ्या उंचीवर."

"मग?" तिने हळूच विचारलं.

"फोम दाबून सोडला की लगेच वर येतो. त्याचा गुणच तो." मामांनी हात काढून घेतला. "त्याला आता चार वर्षं झाली... अजून वर आलेला नाही."